तीन महिने झाले, अजून एक संवाद पाठ केलेला नाही

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. हौसेने नाटक हा विषय घेतला. तीन महिने होत आले, पण वर्गात चालणं, थांबणं, समोरच्याची नक्कल करणं आणि कोरा मुखवटा घालून उभं राहणं एवढंच चाललंय. एकही संवाद पाठ झालेला नाही. ती मुळात अबोल आहे. शिक्षक म्हणतात, बोलण्यातला 93 टक्के अर्थ देहबोलीतून पोहोचतो. हे खरं का? यातून पुढे काय होणार? की विषय बदलून घ्यावा? – एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

आधी त्या 93 टक्क्यांचं. हा आकडा ज्या अर्थाने सांगितला जातो, त्या अर्थाने खरा नाही. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे दोन अभ्यास 1967 मध्ये प्रसिद्ध झाले. शब्द एक सांगतोय आणि सूर किंवा चेहरा भलतंच सांगतोय, अशा वेळी समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज लोक कशावरून बांधतात, एवढंच त्यांनी तपासलं, आणि तेही सुटे शब्द घेऊन. त्यातून शब्दांना 7, सुराला 38 आणि चेहऱ्याला 55 टक्के असं गणित निघालं. पुढे संदर्भ गळून पडला, आकडे तेवढे फिरत राहिले. ते सगळ्या बोलण्याला लागू असते, तर अनोळखी भाषेतलं भाषणही आपल्याला जवळजवळ पूर्ण कळलं असतं.

पण आकडा चुकला म्हणून शिकवणंही चुकतंय असं समजू नका. तुम्ही लिहिलेले पाठ वाचून मला उलट आनंद झाला. कुणीतरी विचार करून हा क्रम लावला आहे.

नवशिक्याच्या हातात आधी संवाद दिले की तो सगळा भार वाक्यांवर टाकतो. हातांचं काय करायचं ते सुचत नाही, पाय उगाच हलतात, आणि पुढे ती सवय मोडायला वर्षं जातात. तो कोरा मुखवटा नेमका याच ठिकाणी कामाला येतो. जाक लकॉक यांनी 1956 मध्ये पॅरिसमध्ये नाट्यशाळा काढली, तिथल्या शिक्षणात या तटस्थ मुखवट्याला मोठं स्थान होतं. चेहरा झाकला की हसून वेळ मारून नेता येत नाही. खांदा किंचित वर गेला, श्वास अडला, भार एकाच पायावर आला, तर पाहणाऱ्याला ते लगेच दिसतं. मी असा एक वर्ग कोपऱ्यात बसून पाहिला आहे. एक विद्यार्थी नुसता वळून मागे बघत होता, आणि तीन वेळा वळला तेव्हा तीन वेगळी माणसं दिसली.

हालचालींचा अभ्यास करणारे नृत्यतज्ज्ञ रुडॉल्फ लाबान यांची पद्धतही तिच्या वर्गात येईलच. हालचालीत जोर किती, वेग किती आणि दिशा सरळ की वळणावळणाची, या तीन बाजूंच्या मेळातून त्यांनी आठ मूळ क्रिया मांडल्या : दाबणं, ठोसा मारणं, पिळणं, सपकारणं, सरकत जाणं, तरंगणं, टिचकी मारणं, हलकेच टिपणं. तिला घरातलं एकच दार या आठ तऱ्हांनी लावायला सांगा. तोंडून शब्द न काढता कोण रागावलंय, कोण चोरून आलंय, कोण दमलंय ते तुम्हालाच ओळखता येईल. आणि हे काही परवा निघालेलं खूळ नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक (देहाचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (मनातल्या भावाचा) असे अभिनयाचे चार प्रकार आहेत. त्यातल्या आंगिकात नुसत्या दृष्टीचे 36 आणि मस्तकाच्या हालचालींचे 13 प्रकार सांगितले आहेत.

ती अबोल आहे याची काळजी मुळीच करू नका. आरशाच्या खेळात एक जण हलतो आणि दुसरा त्याच क्षणी तसाच हलतो, तिथे बोलकेपणाचा उपयोग होत नाही, लक्ष लागतं. गप्प बसणारी मुलं पुष्कळदा माणसं बारकाईने न्याहाळत असतात, आणि या वर्गाचं भांडवल तेच आहे. मात्र ‘व्यक्तिमत्त्व विकास होईल’ म्हणून तिला तिथे ठेवू नका. कलेला औषधासारखं पाजलं की ती नकोशी होते.

पुढच्या वाटा अभिनयापुरत्या नाहीत. नाटकांत आणि चित्रपटांत हालचालींचे दिग्दर्शक असतात, नृत्यरचनाकार असतात. अ‍ॅनिमेशनमध्ये आणि मोशन कॅप्चरमध्ये, म्हणजे माणसाची हालचाल टिपून ती संगणकावरच्या पात्राला देण्याच्या कामात, तर देह वाचता येणाऱ्याला मोठा वाव आहे. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची जी सांकेतिक पद्धत मांडली, ती अ‍ॅनिमेशनवाले वापरतात. नाट्यशिक्षक होता येतं. नाट्योपचाराकडे वळायचं तर मानसशास्त्राचा पाया, पुढचं रीतसर प्रशिक्षण आणि देखरेखीखालचा सराव लागेल, नुसत्या नाटकाच्या पदवीवर ते काम करू नये. आणि कर्णबधिरांची सांकेतिक भाषा म्हणजे देहबोली नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण आहे, ती वेगळी शिकावी लागते. तरी दुभाषी व्हायचं असेल, तर ही तयारी वाया जाणार नाही.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या. अशा वर्गात स्पर्श येतो. खांदा धरणं, अंगावर भार टाकणं हे पाठाचा भाग असू शकतं. चांगले शिक्षक आधी काय करायचं ते सांगतात, परवानगी विचारतात, आणि ‘नको’ म्हटलेल्या मुलाला दुसरा पाठ देतात. तुमच्या मुलीला ‘नको’ म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर तिला कुणी हिणवत नाही ना, हे तिच्याशी निवांत बोला. इथे गडबड आढळली, तर मी स्वतः वर्ग बदला म्हणेन.

तसं काही नसेल तर विषय बदलू नका. तिला रोज चार ओळी लिहायला लावा : आज काय केलं, अंगात कुठे ताण जाणवला, दुसऱ्याचं काय दिसलं. अशी वही पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत बोलताना हाताशी येते. ‘तुला कुठली भूमिका मिळाली?’ हे सध्या विचारू नका. ‘आज कुणाला पाहिलंस?’ असं विचारा. सत्राअखेरीस सादरीकरण असेल तर नक्की जा, पण पहिल्या रांगेत बसू नका. जरा मागे, मधोमध बसा. तिथून तिचे पायसुद्धा दिसतील.