डब्यातलं बेंतो सँडविच: वाटी पुरते

ताई, बेंतो म्हणजे जपानी पद्धतीचा सजवलेला डबा; त्यातल्या चेहऱ्याच्या सँडविचसाठी साचे आणायची घाई नको करू. ब्रेडवरून लाटणं हलकं फिरव, सारण मधोमध ठेव आणि पातळ कडेची स्टीलची वाटी पालथी दाब. पण ब्रेड ताजाच हवा, शिळा तडकतो.

आपल्या उन्हात मेयोनीज नकोच. लोण्यात जवसाची चटणी कालवून पार कडेपर्यंत लाव, म्हणजे काकडीचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. डोळ्यांना मनुका, तोंडाला गाजराची चकती. बस्स.

जपानी लोक बेंतो गच्च भरतात ते उगाच नाही. फट राहिली की सायकलवर हिंदकळून चेहरा बिघडतो, अन् लेकराचं तोंड उतरतं. तिथे संत्र्याच्या फोडी खोच.

उरलेल्या कडा तव्यावर कुरकुरीत करून तिखटमीठ लाव. माझी पोरं त्यावरूनच भांडतात.