परक्या गावात तंबू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघं कोकणातल्या रेवस-रेड्डी सागरी मार्गाने सायकलवर निघतोय. तंबू बरोबर आहे. गावात जागा कोणाकडे मागावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा पाचच्या आत गाव गाठा. काळोखात आलेल्या अनोळखी माणसाला दार उघडायला कोणीही कचरतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. उजेडात चेहरा दिसतो, लादलेली सायकल दिसते. निम्मी शंका तिथेच मिटते. देवळाच्या आवारासाठी गुरवांना, शाळेच्या व्हरांड्यासाठी मुख्याध्यापकांना, कोणीच भेटलं नाही तर पोलीसपाटलांना विचारा. "काका, आजची रात्र तंबू टाकू का? जेवण आमच्याकडे आहे, उजाडताच निघू," हे एका दमात सांगा. नेमकं काय हवंय ते कळलं की होकार देणं सोपं जातं. ओळखपत्र आपणहून दाखवा.

अंगण मिळालं तर खुंट्या ठोकू नका, ही कळकळीची विनंती. पावसाळा सरला की कोकणात अंगण चोपून शेणाने सारवतात. खुंटी घुसली की वरचा पापुद्रा उचकटतो आणि घरच्या बाईला पुन्हा शेण कालवावं लागतं. खुंट्यांशिवाय उभा राहणारा, दोन कमानींचा तंबू न्या. चार कोपऱ्यांना दोन लिटरच्या भरलेल्या बाटल्या किंवा चिऱ्याचे तुकडे बांधा. पडवीत पेंढा रचलेला असेल तर स्टोव्ह तिथे पेटवायचा नाही. माडाखाली तंबू नको. वाळली झावळी वारा नसतानाही पडते.

प्रश्न : माझ्या सायकलच्या ट्यूबला प्रेस्टा, म्हणजे बारीक लांबट तोंडाचा व्हॉल्व्ह आहे. वाटेतल्या पंक्चरवाल्याचा उपयोग होईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नक्की होईल. ठिगळ लावण्यात त्याचा हात बसलेला असतो. अडतं ते हवा भरताना. त्याच्या नळीचं तोंड स्कूटरच्या जाड व्हॉल्व्हला बसतं, म्हणून दोन पितळी अडॉप्टर जवळ ठेवा. प्रेस्टाच्या टोकाचं बारीक नट सैल करा आणि मगच अडॉप्टर चढवा. नट आवळलेलं राहिलं तर हवा आत जात नाही आणि बिचारा आपलाच पंप तपासत बसतो. कॉम्प्रेसर मोठ्या टायरांसाठी असतो. सायकलच्या ट्यूबमध्ये मुळात हवा मावते थोडी. काही सेकंदांतच दाब हद्दीबाहेर जातो आणि टायर रिमवरून निसटतं. टायरच्या कडेला छापलेला आकडा आधी दाखवा, हवा थोडी थोडी मारायला सांगा, शेवटचा भर आपल्या हातपंपाने द्या. ट्यूब चढवण्याआधी टायरच्या आतून चिंधी फिरवा. जिथे ती अडकेल तिथे काटा किंवा तार आहे.

कॅरिअर मोडला तर पोलादी असल्यास गावातला वेल्डर जोडून देतो. तो सायकलवरून उतरवूनच द्या, ठिणग्यांनी टायर जळतं. ॲल्युमिनियमला साधी रॉड चालत नाही. बांबूची कामटी लावून घट्ट बांधा.

प्रश्न : लोक पैसे घेत नाहीत. मग काय करावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पंक्चरवाल्याला, वेल्डरला द्याच, ते त्यांचं पोट आहे. घरात मात्र नोट पुढे करू नका. चहापूड-साखर ठेवा, देवळात राहिलात तर दानपेटीत टाका, निघताना जागा झाडा. घरच्यांना विचारून फोटो काढलात तर छापून पोस्टाने पाठवा. पत्ता निघतानाच लिहून घ्या, वाडीच्या नावासकट. ते राहिलं तर पाकीट गावभर फिरत बसतं.