जीभ लाल होते, आग होते : कारण कुठे शोधावे?

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे आहे. काही महिन्यांपासून जीभ लालभडक आणि गुळगुळीत दिसते व तिखट किंवा गरम काही खाल्ले की आग होते. औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणून घेतल्या की बरे वाटते, थांबवल्या की त्रास परत सुरू होतो. मधुमेहासाठी मी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेतो. अलीकडे तळपायांना मुंग्याही येतात. हा जिभेच्या दाहाचा कोणता प्रकार आहे?

उत्तर : मेटफॉर्मिन आणि मुंग्या यांचा उल्लेख आपण ओघात केला आहे, पण मला आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती तीच वाटते. जिभेच्या पृष्ठभागावर धाग्यांसारखे अतिशय बारीक अंकुर दाटीने उगवलेले असतात आणि त्यांच्यामुळेच निरोगी जीभ किंचित खरखरीत व फिकट गुलाबी दिसते. या आवरणातील पेशी झिजून काही दिवसांतच नव्या तयार होत असल्याने त्यांना लोह, फोलेट आणि बी-१२ यांचा पुरवठा अखंड लागतो. तो तुटला की अंकुर झडतात, खालचा लाल भाग उघडा पडतो आणि जीभ चकचकीत होते. याला अंकुरक्षयी जिव्हादाह म्हणतात. रायबोफ्लेविन किंवा नायसिन या जीवनसत्त्वांच्या कमतरतेनेही तो होतो. पुष्कळदा हा बदल हिमोग्लोबिन घसरण्याच्या आधीच दिसू लागतो.

बी-१२ कमी पडण्याचे कारण नेहमी आहारातच असते असे नाही. ते शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारे एक प्रथिन आवश्यक असते. शरीराची प्रतिकारयंत्रणा ते प्रथिन तयार करणाऱ्या पेशींवरच उलटली, किंवा जठराची शस्त्रक्रिया झालेली असली, तर उत्तम आहार घेऊनही कमतरता राहते. आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या आम्लरोधक गोळ्या आणि दीर्घकाळ घेतलेले मेटफॉर्मिन यांमुळेही शोषण घटते. आपल्या मुंग्या मधुमेहाच्या असू शकतात, तशाच बी-१२च्या अभावाच्याही असू शकतात. तपासणी न करता त्या मधुमेहाच्या खात्यावर टाकून देणे मला धोक्याचे वाटते.

म्हणूनच स्वतःहून घेतलेल्या गोळ्यांबद्दल स्पष्टपणे लिहितो. अशा गोळ्यांत फोलिक ॲसिड (फोलेटचेच एक रूप) असले तर रक्तक्षय सुधारतो, जिभेलाही आराम पडतो, परंतु बी-१२ पुरेसे मिळाले नाही तर मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. शिवाय गोळ्या सुरू असताना केलेली चाचणी फसवी ठरू शकते. तेव्हा आपण आतापर्यंत कोणत्या गोळ्या घेतल्या हे डॉक्टरांना सांगून संपूर्ण रक्तगणना, बी-१२, फोलेट आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी) या चाचण्या करून घ्याव्यात. मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नये. बी-१२ कमीच निघाले तर ते इंजेक्शनाने किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी भरून काढता येते. जीभ काही आठवड्यांत सुधारते, मज्जातंतूंना मात्र बराच जास्त काळ लागतो आणि उशीर झाल्यास ते पूर्ण बरे होतीलच असे नाही.

मधुमेहात आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते, ती कॅन्डिडा या बुरशीची. रक्तातील साखर वाढलेली असणे, रात्रभर कवळी तोंडात ठेवणे, प्रतिजैविके किंवा दम्याचा स्टेरॉइड पंप यांमुळे ती फोफावते. कधी सगळी जीभ लाल होते, तर कधी मध्यभागी मागच्या बाजूला पत्त्यांतील चौकटच्या आकाराचा गुळगुळीत पट्टा उमटतो. त्यावर बुरशीनाशक औषधच लागते. आणि जिभेच्या कडेला एकाच जागी असलेली जखम किंवा लाल-पांढरा चट्टा तीन आठवड्यांत भरून आला नाही, तर दुखत नसला तरी तो तज्ज्ञांना दाखवावा.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या जिभेवर पांढऱ्या कडांचे लाल चट्टे येतात आणि काही दिवसांनी जागा बदलतात. हा संसर्ग आहे का?

उत्तर : नाही. वर्णनावरून ही ‘भौगोलिक जीभ’ वाटते. ती निरुपद्रवी असते, कोणाला लागत नाही आणि आग होत नसेल तर उपचारांचीही गरज नसते. मात्र ताप, अंगावर पुरळ आणि स्ट्रॉबेरीसारखी लाल, दाणेदार जीभ हे एकत्र दिसले तर तो स्कार्लेट ताप किंवा कावासाकी आजार असू शकतो. कावासाकीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होण्याची भीती असल्यामुळे त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना गाठावे.

प्रश्न : रक्तदाबासाठी रामिप्रिल घेणाऱ्या माझ्या वडिलांची जीभ काल रात्री अचानक सुजली आणि सकाळी उतरली. त्यांना दंतवैद्याकडे न्यावे का?

उत्तर : दंतवैद्याकडे नव्हे, रक्तदाबाचे औषध देणाऱ्या डॉक्टरांशी आजच, पुढची गोळी देण्यापूर्वी बोला. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातील औषधांमुळे जीभ व ओठ असे सुजू शकतात, आणि औषध सुरू करून कित्येक वर्षे लोटल्यावरही हे घडते. सूज आपोआप उतरली म्हणून निश्चिंत राहू नये, कारण पुढची सूज श्वासमार्ग अडवू शकते आणि ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने ती सहसा उतरत नाही. औषध बदलून देता येते. जीभ पुन्हा सुजू लागली, आवाज बदलला किंवा गिळता येईना, तर थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे.