प्रवासात कॅमेऱ्याचं घड्याळ
दुसऱ्या देशात उतरलास की कॅमेऱ्याचं घड्याळ हाताने पुढेमागे करू नकोस, मेनूतला टाइम झोन तेवढा बदल. वेळ-तारीख आपोआप सरकते, सेकंद शाबूत राहतात. उन्हाळी वेळेचा पर्याय बऱ्याच कॅमेऱ्यांत वेगळा असतो. तोही बघ, नाहीतर सगळे फोटो तासाभराने चुकतात.

एक सवय मात्र नक्की लाव. रोज सकाळी पहिला फोटो मोबाइलच्या घड्याळाचा काढ, सेकंदांसकट. कॅमेऱ्याचं घड्याळ हळूहळू भरकटतं. त्या फोटोवरून नेमका फरक कळतो आणि घरी एक्झिफमधली, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीतली, वेळ एकगठ्ठा दुरुस्त करता येते. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींनी टिप.

झोन बदलायला विसरलास? मग अधेमधे हात लावू नकोस. सगळीकडे सारखी असलेली चूक मिनिटभरात सुधारते, अर्धवट बदललेली फार छळते.