अंगठ्याच्या मुळाशी कळ येते

प्रश्न : माझं वय 61. कणीक मळताना, साडी पिळताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर गाठी आल्या आहेत. हात वापरणं बंद करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, हात बंद ठेवू नका, आखडेल. तुमच्या वर्णनावरून ही सांध्यांची झीज वाटते. आमवात वेगळा. त्यात बोटांच्या मुळाचे सांधे आणि मनगटं सुजतात, सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त राहतो. तसं काही असेल तर लगेच संधिवाततज्ज्ञांना दाखवा, उशिरानं सांधे कायमचे वाकडे होतात.

आता अंगठा. चिमटीत जेवढा जोर लावता, त्याच्या कितीतरी पट भार मुळाच्या सांध्यावर येतो. हाताचे व्यायाम शिकवताना मी बायकांना आधी हेच सांगते. कणीक सैलसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, मग तळहातानं मळा. जोर फारसा लागत नाही. साडी पिळू नका, निथळत टाका. सुरीच्या मुठीला जुनी सायकलची ट्यूब गुंडाळा, पकड जाड होते. काम करताना अंगठ्याचा पट्टा बांधा. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळू उघडमीट करा.

दुखलंच तर आधी डायक्लोफिनॅकचं जेल. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. आणि कुणी दिलेल्या बिनलेबलच्या पुड्या कृपा करून घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे.