मुलाला किंग्ज गॅम्बिट खेळू द्यावं की लंडन सिस्टीम शिकवावी?

तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला बुद्धिबळात किंग्ज गॅम्बिट (सुरुवातीलाच एफचं प्यादं देऊ करून हल्ला चढवायचं ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात) आवडतं, सर म्हणतात ते चुकीचं आहे, लंडन (ठरावीक चालींचं सुरक्षित ओपनिंग) लाव. खेळू द्या त्याला. ‘हे चुकीचं, लंडन लाव’ हेच वाक्य ठाण्यातल्या एका क्लासमध्ये माझ्या मुलीला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलंय, म्हणून लिहितोय.

नंतर नौपाड्यात एक रॅपिड (कमी वेळेच्या डावांची) स्पर्धा होती. ऐरोलीहून लोकलने गेलो. पालकांना हॉलमध्ये सोडत नाहीत, पण तिचा पट खिडकीलगत होता. समोर त्याच क्लासचा मुलगा. हिने सरळ मुझिओ, म्हणजे किंग्ज गॅम्बिटचाच सगळ्यात धाडसी प्रकार, लावला: घोडा मरू देऊन कॅसलिंग, मग एफ७ वर उंट दिला, वर डीचं प्यादंही. दोन मोहरी खाली असताना दुसरा उंट ई३ वर आणून ठेवला. त्या मुलाने एफ४ चं प्यादं उचलून तो मारला. प्यादं सरकताच एफ फाइल उघडली आणि त्याच्याच राजाला हिच्या वजिराचा शह! हिने घड्याळ थांबवून हात वर केला. आर्बिटरने (पंचाने) ती नियमबाह्य चाल रद्द करून मोहरी जागेवर ठेवली, हिला जादा वेळ दिला. पुढे त्याचा राजा मधेच अडकला आणि डाव हिने मारला. त्या क्लासचे सर म्हणाले, ‘नशीब.’ नशीब कसलं? ते प्यादं हलूच शकत नाही, हे उंट ठेवण्याआधीच पाहिल्याचं तिने मला लोकलमध्ये सांगितलं.

‘फिशरनेच हे ओपनिंग मोडीत काढलंय’ हेही सरांचं ठरलेलं. १९६० मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाताच्या स्पर्धेत स्पास्कीने याच ओपनिंगने फिशरला हरवलं (दोघंही पुढे जगज्जेते झाले), म्हणून १९६१ मध्ये फिशरने हे ओपनिंग मोडीत काढणारा लेख लिहिला. पण १९६३ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत त्याने स्वतःच किंग्ज गॅम्बिट खेळून अमेरिकन ग्रँडमास्टर इव्हान्सला हरवलं. हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही. या वयात लंडनच्या त्याच त्या चाली घोकून हल्ला कसा करायचा ते कळत नाही, फक्त पटावर सुरक्षित बसायची सवय लागते.

हां, क्लासिकल (जास्त वेळेच्या डावांच्या) स्पर्धेत मोठ्या रेटिंगवाल्यासमोर मुझिओ नको, तिथे समोरचा शांतपणे बचाव शोधतो. आणि काळ्याने दुसऱ्याच चालीला डी५ केलं तर मुलाने डी५ चं प्यादं मारावं. ई५ चं मारलं तर वजीर एच४ वर शह देतो, जी३ केलं की ई४ चं प्यादं शहासकट जातं आणि कोपऱ्यातला हत्तीही. मुझिओच्या आधी हे शिकवा.