टोर्फायकुल पाहायला निघालास, तर आधी हे वाच

दक्षिण आइसलँडमधल्या या ज्वालामुखीत सुरुवात लांडमान्नालौगारच्या लौगाह्रौन लाव्हापासून कर. तो 1477 च्या सुमाराचा, उघड्यावर वाहिलेला. त्यातला काळा ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, आणि करडा, फेसाळ भाग नीट बघून घे. हा खडक म्हणजे रायोलाइट, सिलिका भरपूर असलेल्या लाव्हाचा. उघड्यावरचा रायोलाइट ओळखता आला की मगच शेजारच्या ब्लाउह्नुकुरवर चढ. तो डोंगर बर्फाखाली झालेल्या उद्रेकाचा आहे.

तिथे मात्र घाई करू नकोस. लाव्हाचा एकेक लोळ निवांत बघ. कडेला काचेचा थर असतो आणि त्यातून बारीक खांब फुटलेले दिसतात. खांब थंड पृष्ठभागाला काटकोनात वाढतात. ते आडवे किंवा तिरके असतील, तर बर्फाची भिंत नेमकी कुठे होती ते कळतं. होकायंत्राने दिशा मोज आणि वहीत रेखाटन कर. नुसते फोटो काढून भागत नाही. दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या पाषाणावर, डोळा बसलेला असेल, तर ही उलटसुलट मांडणी आधी गोंधळात टाकेल. टाकू दे.

मग रौडफोस्साफ्योल. हे सपाट माथ्याचे डोंगर सुमारे 70 हजार वर्षांपूर्वीचे. खाली बारीक राख, वर लाव्हाची टोपी. म्हणजे उद्रेक बर्फ फोडून वर आला होता. टोपीचा तळ किती उंचीवर आहे ते टिपून ठेव, कारण त्या काळच्या बर्फाच्या जाडीचा अंदाज त्यावरूनच बांधतात. माझ्या मते इथलं सर्वात मोलाचं निरीक्षण हेच.

हा भाग राखीव आहे, दगड उचलू नकोस.